कोर्ट बदललं की आधी पाय बदला

मातीच्या कोर्टवरचा माझा टेनिसचा पहिला सामना पाऊण तासाच्या आत आटोपला. ६-१, ६-१. नाशिकहून भल्या पहाटे गाडी काढून दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या क्लबवर पंचेचाळिशीपुढच्यांच्या स्पर्धेला गेलो होतो. पंधरा वर्षं गंगापूर रोडच्या बाजूला काँक्रीटच्या हार्ड कोर्टवर रोज सकाळी खेळणारा माणूस मी, त्यामुळे थोडी मस्तीही होती. पहिल्याच गेममध्ये फोरहँडला पळालो, सवयीने उजवा पाय रोवला, आणि तो रोवलाच गेला नाही. पाय पुढे, मी मागे, चेंडू तिसरीकडेच. पांढऱ्या शॉर्ट्सवर लाल शिक्का मिरवत उरलेला सामना खेळलो. संपल्यावर रोलरला टेकून बसलेले तिथले मार्कर मामा (कोर्ट सांभाळणारे, लोकांना खेळवणारे) म्हणाले, "साहेब, हात चांगलाय तुमचा. पाय तेवढे घरी विसरून आलात."

तेव्हापासून आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये कुणी विचारलं, "मातीवर कोणता शॉट चालतो?" की मी सांगतो, हा तिसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, इथे टप्पा कसा पडतो. दुसरा, इथे माझे पाय कसे थांबतात. एवढं कळलं की तिसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा आपोआप मिळतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

कोर्ट 'फास्ट' म्हणजे नक्की काय?

क्रिकेटची खेळपट्टी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असला की कट्ट्यावर बसलेला प्रत्येक जण पिचवर भाष्य करतो. टेनिसच्या कोर्टकडे मात्र आपण रंग बघतो, निळं की हिरवं, आणि खेळायला उतरतो.

टप्पा पडताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. चेंडू पुढे किती पळतो ही एक आणि वर किती उडतो ही दुसरी. 'फास्ट' आणि 'स्लो' या शब्दांत आपण दोन्ही एकत्र कोंबतो आणि मग गोंधळ होतो.

पुढे पळणं हे घर्षणावर अवलंबून. गुळगुळीत पृष्ठभागावर चेंडू घसरत निघून जातो, वेग फारसा सोडत नाही. खरखरीत किंवा भुसभुशीत पृष्ठभाग चेंडूला खालून धरतो, मग तो घसरायचं सोडून गरगरायला लागतो आणि तिथे त्याचा पुढचा वेग बराच खर्ची पडतो. पुढचा वेग गेला की तोच चेंडू उभ्या चढाने वर येतो. मातीवर चेंडू 'उडतो' असं वाटतं त्यातलं बरंचसं हे आहे. वर जाण्याचा वेग वाढलेला नसतो, पुढचा वेग मेलेला असतो. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या बाजूला गरगरणारा चेंडू, असेल तर हा चढ आणखी जाणवतो.

वर उडणं हे खालचा थर किती शक्ती गिळतो यावर. कडक काँक्रीट कमी गिळतं, गवत आणि त्याखालची माती जास्त गिळते. म्हणून गवतावर दोन्ही बाजूंनी मार बसतो. चेंडू पुढेही सरपटतो आणि वरही येत नाही, गुडघ्याच्या खाली खेळावा लागतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ हे सगळं मोजून कोर्टला एक आकडा देतो आणि पाच गट करतो. २९ किंवा त्याखाली म्हणजे स्लो, ३० ते ३४ मध्यम-स्लो, ३५ ते ३९ मध्यम, ४० ते ४४ मध्यम-फास्ट, ४५ किंवा त्यावर फास्ट. आपल्या क्लबच्या भिंतीवर हा आकडा लावलेला दिसणार नाही, पण हार्ड कोर्ट म्हणजे एकच एक वेग नसतो हे यावरून लक्षात यावं. एक हार्ड कोर्ट पहिल्या गटात बसू शकतं आणि दुसरं पाचव्या.

मोठ्या स्पर्धा कुठे खेळतात तेही इथेच सांगून टाकतो. पॅरिसच्या फ्रेंच ओपनची लाल माती मुळात माती नाहीच, तो विटांचा चुरा आहे. वरचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा आणि खाली चुनखडीचा पांढरा भुगा. विम्बल्डनचं गवत २००१ पासून शंभर टक्के रायग्रास आहे आणि स्पर्धेत ते ८ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. ऑस्ट्रेलियन ओपन १९८७ पर्यंत गवतावर व्हायची, १९८८ पासून हार्ड कोर्टवर आली. अमेरिकन ओपनने तर तिन्ही करून पाहिलं. १९७४ पर्यंत गवत, १९७५ ते १९७७ माती, १९७८ पासून हार्ड. जिमी कॉनर्सने ती स्पर्धा १९७४, १९७६ आणि १९७८ मध्ये जिंकली, म्हणजे एकच स्पर्धा तीन पृष्ठभागांवर.

आपल्या वाट्याला आलेलं उदाहरण जरा बोचरं आहे. देशांच्या संघांमधल्या डेव्हिस कपच्या १९८७ च्या उपांत्य लढतीत विजय अमृतराज, रमेश कृष्णन यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात, सिडनीच्या गवतावर हरवलं. अंतिम लढत स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. यजमानांनी बंदिस्त स्टेडियममध्ये मातीचं कोर्ट अंथरलं आणि निकाल लागला ५-०. माणसं तीच होती, हातही तेच. ज्याच्या घरी सामना तो कोर्ट निवडतो, ही मुभा डेव्हिस कपमध्ये किती महागात पडते ते तेव्हा कळलं.

पायरी पहिली: दहा मिनिटांत कोर्ट वाचा

अनोळखी कोर्टवर गेल्यावर लगेच फोरहँड मारत सुटू नका. चार गोष्टी करा.

एक, टप्प्याची उंची. नियमाप्रमाणे नेहमीचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून कडक, सपाट पृष्ठभागावर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. टेनिसची नेहमीची रॅकेट २७ इंचांची, म्हणजे साधारण साडेअडुसष्ट सेंटिमीटर. दोन रॅकेट एकावर एक उभ्या धरल्या की १३७ होतात. तेवढी खूण पुरते. आम्ही कुंपणाच्या खांबाला २५४ वर चिकटपट्टी लावली आहे. एक जण खुर्चीवर चढून चेंडू नुसता सोडतो, ढकलत नाही, आणि दुसरा दोन रॅकेट धरून उभा राहतो. आधी तोच चेंडू पार्किंगच्या कोब्यावर टाकून बघा, मग कोर्टवर. कोब्यावर दोन रॅकेटच्या वर आला आणि कोर्टवर दीड रॅकेटच्या आसपास थांबला, तर कोर्ट शक्ती गिळतंय. दोन्हीकडे कमी आला तर चेंडू मेलाय, कोर्टला बोल लावू नका.

दोन, चेंडूची घसरण. सर्व्हिस लाइनजवळ उभं राहून खालच्या हाताने, कमी उंचीवरून, पलीकडच्या बेसलाइनकडे चेंडू फेका. टप्प्यानंतर तो सरळ निघून जातो की टप्प्याशी अडखळल्यासारखा होऊन वर येतो ते बघा. हे तीन-चार ठिकाणी करा, बेसलाइनच्या मधोमध, कडेला, सर्व्हिस बॉक्समध्ये. ॲक्रिलिक रंगात वाळू मिसळलेली असते आणि कोर्टचा वेग बऱ्याच अंशी त्या वाळूवर ठरतो. जिथे माणसं रोज उभी राहतात तिथली वाळू आधी झिजते. आमच्या कोर्टवर बेसलाइनच्या मध्यावर हात फिरवला तर टाइल्सवर फिरवल्यासारखा लागतो, ट्रॅमलाइनजवळ, म्हणजे कडेच्या पट्ट्यात, मात्र अजून पॉलिश पेपर आहे. त्यामुळे मध्ये पडलेला खोल चेंडू अंगावर येतो, कडेचा थांबतो. हे माहीत असलेला माणूस पाहुण्यांना नेहमी मध्यावर खोल मारतो. नुकता रंग दिलेलं कोर्ट स्लो आणि तेच चार-पाच वर्षांनी फास्ट, हे गृहीत धरा.

तीन, पाय. बुटाचा तळवा जोर देऊन पुढे सरकवा. चर्रर्र आवाज करून अडकला तर इथे थांबणं सोपं, पण गुडघ्यावर भार. सरकला तर पुढचा भाग नीट वाचा.

चार, नजर. भेगा, रंगाचे फुगे, रात्रीच्या पावसाचं साचलेलं पाणी. पाणी ओसरल्यावर तासाभरानेही एखाद्या खड्ड्यात नाण्याच्या जाडीइतकं पाणी उरत असेल तर तो खड्डा दुरुस्तीचा आहे आणि तिथे टप्पा दगा देणार. खेळाआधी दोघांनी मिळून ती जागा बघून ठेवा, नंतरची हुज्जत वाचते.

पायरी दुसरी: पाय

२ मे २००७ ला मायोर्का बेटावर एक गमतीचा सामना झाला. अर्धं कोर्ट माती, अर्धं गवत. नदाल तेव्हा मातीवर हरत नव्हता, फेडरर गवतावर. नदालने ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला, टायब्रेक १२-१० वर गेला. निकालापेक्षा मला लक्षात राहिलेली गोष्ट ही की बाजू बदलताना दोघांना बूट बदलायला जादा वेळ दिला होता. जगातल्या पहिल्या दोन खेळाडूंनाही रॅकेट बदलावी लागली नाही, पण पायातलं बदलावं लागलं.

कुस्तीतलं आपल्याला ठाऊक आहेच. महाराष्ट्र केसरीत माती आणि मॅट असे दोन विभाग असतात, आणि मातीतला पैलवान मॅटवर उतरला की पहिले काही दिवस त्याचे पाय हरवतात. टेनिसमध्ये याहून वेगळं काही नाही.

*हार्ड कोर्टवर* पळत जा, चेंडूच्या अलीकडे दोन पावलांवर छोटी-छोटी पावलं टाकत वेग मोडा, बाहेरचा पाय रोवा, मारा, आणि त्याच पायाने उलट ढकलून परत या. टीव्हीवर जोकोविच हार्ड कोर्टवर घसरतो ते बघून आमच्यातल्या एका इंजिनिअरने प्रयोग केला आणि सहा आठवडे फिजिओथेरपी घेतली. ते सोडून द्या.

*मातीवर* जरा थांबू, कारण खरी अडचण इथेच येते. मातीवर घसरणं हा थांबण्याचा प्रकार आहे. नवखा माणूस आधी मारतो आणि मग घसरतो, म्हणजे फटका मारून झाल्यावर आणखी दोन हात बाहेर जातो आणि परत यायला त्याला एक पाऊल जास्त लागतं. घसरणं मारायच्या आधी सुरू व्हायला हवं आणि चेंडू रॅकेटला लागताना संपत आलेलं असावं. म्हणजे फटका संपला की तुम्ही थांबलेले आणि परतीला मोकळे.

शिकायचं असं.

रॅकेट बाजूला ठेवा. आधी सरळ पुढे घसरायला शिका, नेटजवळ हळूच टाकलेल्या ड्रॉप शॉटला धावल्यासारखं. तीन-चार पावलं पळा, पुढचा पाय लांब टाका, पंजा जायच्या दिशेने, गुडघा वाकलेला, मागचा पाय ओढत आणा. वजन पुढच्या पायावर पण कंबर खाली. सरळ उभं राहून घसराल तर माझ्यासारखे बसाल. दहा वेळा करा.

मग बाजूला. फोरहँडकडे पळताना उजव्या हाताच्या माणसाचा उजवा पाय पुढे जातो. पंजा पूर्ण आडवा टाकू नका, नेट आणि साइडलाइन यांच्या मधे तिरका ठेवा. आडव्या पंजाखाली मातीचा ढीग साचतो, बूट अडतो आणि घोटा मुरगळतो. सुरुवातीला अर्धा मीटर घसरलं तरी खूप झालं.

तिसऱ्या दिवशी रॅकेट हातात घ्या, पण चेंडू कुणीतरी हाताने टाकावा. नुसतं मनात म्हणा: घसर, मार, ढकल. हा ताल बसला की मग रॅली.

आणि वाळलेली माती आणि नुकतं पाणी मारलेली माती यांत फरक असतो. पाणी मारून रोलर फिरवलेल्या कोर्टवर पाय धरतो, घसरण आखूड होते. दुपारपर्यंत वरचा थर सुकून भुसभुशीत झाला की तेच कोर्ट बर्फासारखं. सकाळी शिकलेलं दुपारी फसतं ते यामुळे.

*गवतावर* खेळायचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येतो, त्यामुळे थोडक्यात. लांब पावलं टाकू नका, अचानक ब्रेक लावू नका, दिशा बदलताना तीन छोटी पावलं घ्या आणि मांड्या दुखेपर्यंत वाकून राहा. पहिल्या दिवसाचं गवत निसरडं, बेसलाइनवरचं गवत जाऊन माती उघडी पडली की पकड येते.

*कृत्रिम गवत*, ज्यात वाळू भरलेली असते, ते शाळांत आणि सोसायट्यांत आता बरंच दिसतं. टप्पा खाली आणि सरपटता, पायाला मात्र थोडी घसरण. वाळू एका कोपऱ्यात साचली असेल तर तिथे जपून. आणि सोसायटीतलं ते ट्रिमिक्स काँक्रीट, ज्यावर फक्त रेघा मारून 'टेनिस कोर्ट' म्हणतात, ते मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यात फास्ट. तिथे चेंडू बसतही नाही आणि थांबतही नाही, आणि गुडघे महिन्याभरात बोलायला लागतात. बिल्डरच्या माहितीपत्रकात ते फार छान दिसतं, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

पायरी तिसरी: कुठे उभं राहायचं

पायांनंतर बदलायची ती जागा, आणि ती फुकट बदलता येते.

मातीवर सर्व्हिस घेताना नेहमीपेक्षा एक-दीड मीटर मागे या. चेंडू टप्प्यानंतर खांद्यापर्यंत चढतो, मागे आलात की तो कमरेपर्यंत उतरतो आणि पूर्ण स्विंग घ्यायला वेळ मिळतो. पण मागे गेलात की कोन उघडतो, समोरचा आखूड तिरका मारेल, ड्रॉप टाकेल. त्यामुळे रिटर्न मारला की लगेच दोन पावलं पुढे. मागेच तंबू ठोकू नका.

फास्ट कोर्टवर याच्या उलट. बेसलाइनवर किंवा अर्धं पाऊल आत, बॅकस्विंग अर्धा. समोरच्याचाच वेग वापरून फक्त दिशा द्या. ज्याचा स्विंग मोठा आणि देखणा त्याला झिजलेलं हार्ड कोर्ट सर्वात जास्त छळतं.

आमच्या वयाचे बहुतेक लोक डबल्स खेळतात, आणि डबल्समध्ये पृष्ठभागाचा परिणाम नेटवरच्या माणसावर जास्त होतो. फास्ट कोर्टवर नेटवाल्याने पुढे सरकावं, मधून कापावं, कारण रिटर्न मारणाऱ्याला विचार करायला वेळ नाही. मातीवर तोच माणूस नेटला चिकटला तर डोक्यावरून लोब जातो आणि टप्पा पडून आणखी उंच उडतो. तिथे एक-दीड पाऊल मागे, सर्व्हिस लाइन आणि नेट यांच्या मधोमध. आमचे नाना सत्तरीचे आहेत, पळत नाहीत, पण मातीवर नुसत्या लोबवर दोन तरुण पोरांना त्यांनी घामाघूम केलेलं मी पाहिलं आहे.

पायरी चौथी: आता हात

सर्व्हिस. फास्ट कोर्टवर आणि गवतावर बाहेर वळणारी स्लाइस सर्व्हिस कामाला येते, कारण ती टप्प्यानंतर खाली राहते आणि माणसाला कोर्टबाहेर खेचते. मातीवर तीच सर्व्हिस थांबते आणि तुमच्याकडे वाढून येते. तिथे किक, म्हणजे टप्प्यानंतर उंच उसळणारी सर्व्हिस, मारा, बॅकहँडला खांद्याच्या वर. किक येत नसेल तर अंगावर मारा आणि पहिल्या सर्व्हिसचा वेग थोडा कमी करून टक्केवारी वाढवा. मातीवर एसच्या (समोरच्याला लागूच न देणाऱ्या सर्व्हिसच्या) नादात दुसऱ्या सर्व्हिसवर जगायची वेळ येते.

मैदानी फटके. हार्ड कोर्टवर नेटच्या हातभर वरून जाणारा सपाट फोरहँड चांगला दिसतो आणि चालतोही. मातीवर तो अर्ध्या वेगाने समोरच्याच्या कमरेवर बसतो. नेटची मधली उंची ९१.४ सेंटिमीटर. मातीवर चेंडू त्याच्या वर आणखी एक मीटर, सव्वा मीटरवरून जाऊ द्या, टॉपस्पिनसह, आणि बेसलाइनच्या हातभर आत पाडा. लांबी मिळाली की वेग नसला तरी समोरचा मागे सरकतो. तो मागे सरकला की ड्रॉप. ड्रॉप शॉटची किंमत समोरचा किती मागे आहे यावर ठरते, म्हणूनच मातीवर तो इतका दिसतो.

स्लाइस बॅकहँड, म्हणजे चेंडू खालून कापून खाली ठेवणारा फटका, गवतावर आणि झिजलेल्या काँक्रीटवर हत्यार आहे. मातीवर ती श्वास घ्यायला मिळालेली सुट्टी आहे, वापरा पण तिच्यावर गुण मिळेल अशी आशा धरू नका.

दोन्ही टोकं एका महिन्यात साधणं किती कठीण, याचा पुरावा स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्गचा. फ्रेंच ओपन आणि लगेच विम्बल्डन असं त्याने १९७८, १९७९, १९८० अशी सलग तीन वर्षं केलं. उलट अमेरिकेच्या पीट सॅम्प्रसकडे विम्बल्डनची सात विजेतेपदं होती, फ्रेंच ओपनचं एकही नाही. आपण शनिवारी कोब्यावर आणि रविवारी मातीवर खेळून दोन्हीकडे जिंकायला बघतो.

बूट, तारा, चेंडू

मातीचा बूट म्हणजे तळव्यावर पूर्ण नागमोडी, एकसलग नक्षी. ती माती धरते आणि सोडतेही. हार्ड कोर्टच्या बुटाचं रबर जाड आणि टिकाऊ, नक्षी मिश्र. गवताच्या बुटाला बारीक रबरी फोड असतात. दोन जोड परवडत नसतील तर नागमोडी नक्षीचा, जाड तळव्याचा एकच घ्या, तो दोन्हीकडे निभावतो. मातीवर दर दोन-तीन गुणांनी रॅकेटच्या कडेने बुटाचा तळवा ठोका, खाचांत माती भरली की नक्षीचा उपयोग शून्य. जॉगिंगचे बूट कोर्टवर आणूच नका. ते सरळ पळण्यासाठी बनलेले, टाच उंच, कडेला आधार नाही. आमच्या कोर्टवर मुरगळलेले जे घोटे मी मोजले त्यातले निम्मे जॉगिंगच्या बुटातले होते.

तारा. मातीवर चेंडू जड होतो आणि लांबी कमी पडते, म्हणून ताण दोनेक पौंड कमी करून पाहा. फास्ट कोर्टवर उलट, थोडा वाढवा. दोन पौंडांपेक्षा जास्त खेळ एकदम करू नका.

चेंडू. मातीवर चेंडूचं लोकर फुगतं, त्यात दमट माती बसते आणि तिसऱ्या-चौथ्या गेमनंतर बटाटा मारल्यासारखं वाटतं. हार्ड कोर्टवर लोकर झिजतं, चेंडू टकला होतो आणि उडायला लागतो. म्हणजे एकाच डब्यातले चेंडू एकीकडे स्लो होत जातात, दुसरीकडे फास्ट.

नाशिकची हवा, नाशिकची जमीन

आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. मुंबईच्या मानाने हवा पाच-सहा टक्के विरळ. महासंघाचा उंच ठिकाणचा वेगळा चेंडू १२१९ मीटरच्या वर लागतो, म्हणजे आपल्याला नेहमीचाच पुरतो, तरी मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या सेटमध्ये वीतभर बाहेर मारतो, ते बघत राहा.

पण याहून मोठा फरक आपल्याच वर्षभरात आहे. जानेवारीतल्या १० अंशांच्या सकाळी आणि मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी हवेच्या घनतेत जवळपास नऊ टक्क्यांचं अंतर पडतं. शिवाय थंडीत चेंडूचं रबर कडक, आतल्या हवेचा दाब कमी. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत आमच्या कोर्टवर सकाळी साडेसहाला चेंडू दगड असतो, टप्पा गुडघ्यावर. आम्ही डबा रात्री घरातच ठेवतो, गाडीत नाही. दव पडलेलं असेल तर वायपर मारून दहा मिनिटं थांबा, ॲक्रिलिकवर दवाचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही पण पायाला लगेच कळतो. एप्रिल-मेमध्ये उलट, त्याच फटक्यात चेंडू बेसलाइनपार. तारा आवळा किंवा टॉपस्पिन वाढवा.

पावसाळ्यात हार्ड कोर्ट तासाभरात खेळण्याजोगं होतं. मातीचं कोर्ट झड लागली की आठवडाभर बंद. आपल्याकडे माती मागे पडली त्याचं मोठं कारण हेच. दुसरं म्हणजे रोज पाणी, रोलर आणि झाडलोट करणारा माळी परवडत नाही.

जमिनीचा मुद्दा क्लबच्या कमिटीत बसणाऱ्यांसाठी. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नीट मुरूम भरून दाबल्याशिवाय काँक्रीट ओतलं तर वरचा निळा रंग कितीही महागाचा असो, दोन पावसाळ्यांत स्लॅबला चीर जाते. मी एका कोर्टवर खेळलो आहे जिथे उद्घाटनानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात सर्व्हिस बॉक्समधून भेग गेली होती. तिच्यावर टप्पा पडला की चेंडू काटकोनात वळायचा. पैसे रंगावर वाचवा, खालच्या भरावावर वाचवू नका.

मातीवरच्या स्पर्धेआधीचे दहा दिवस

समजा स्पर्धा मातीवर आहे आणि घरचं कोर्ट हार्ड. पहिले चार दिवस शाळेच्या किंवा कॉलनीच्या मुरमाच्या मैदानावर जा, वर बारीक खडी असेल तर झाडून घ्या, आणि रॅकेटशिवाय घसरण्याचा सराव करा. वीस मिनिटं पुरे. मुरूम म्हणजे विटेचा चुरा नाही, पण पायाला ताल कळतो. हार्ड कोर्टवर घसरायचा सराव करायचा नाही, हे पुन्हा एकदा.

पाचव्या दिवसापासून कोर्टवर जुने, लोकर फुगलेले चेंडू काढा आणि बेसलाइनच्या एक मीटर मागून खेळा. नियम लावा, दोन्ही बाजू मिळून सहा फटके झाल्याशिवाय गुण धरायचा नाही. पहिल्या दिवशी सगळे वैतागतात. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की पाचव्या फटक्याला आपणच घाई करत होतो. दोरी बांधायची सोय असेल तर नेटच्या वर एक मीटरवर दोरी लावा आणि रॅली तिच्यावरूनच.

शेवटचे दोन दिवस फक्त सर्व्हिस आणि झोप.

शक्य असेल तर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पोचा आणि मार्करला अर्धा तास मागा. त्याच्याशी रॅली करण्यापेक्षा त्याला विचारा की पाणी किती वाजता मारतात, कोणत्या कोपऱ्यात टप्पा बसतो, रेघा चुन्याच्या आहेत की पट्टीच्या. पट्टीवर पडलेला चेंडू सरपटतो. मातीवर चेंडूचा ठसा उरतो, त्यामुळे वाद झाला तर दोघांनी जाऊन ठसा बघायचा असतो. बोटाने तो पुसायचा नसतो, हे मला तिथे जाऊन कळलं. सामना संपला की जाळी ओढून कोर्ट सारखं करणं आणि रेघा झाडणं हे खेळणाऱ्यांचंच काम. न करता निघालात तर पुढच्या वेळी मार्कर मामा टप्पा बसणारा कोपरा दाखवणार नाहीत.

बॅगेत दोन टॉवेल, सुटे इनसोल, बूट ठोकायला एखादी जुनी रॅकेट. मोजे गडद रंगाचे न्या. माझा एक पांढरा जोड तीन वर्षं धुऊनही विटकरीच आहे.